नकाकाका आणि टेबलाखालची वायर

या गृहस्थांचं खरं नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणी घेत नसे. अख्खा दवाखाना त्यांना नकाकाका म्हणायचा, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टानं कमावलं होतं. "हात लावू नका." "काही दाबू नका." "मला शिकवू नका." "कळत नाही तर बोलू नका." औषधाच्या खिडकीतून दिवसभरात जेवढ्या गोळ्या बाहेर पडत, त्याहून जास्त 'नका' या एका तोंडातून पडत. नवीन आलेल्या नर्सला पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टर दोनच गोष्टी शिकवत. इंजेक्शनची सुई कुठे टाकायची आणि कॉम्प्युटर बिघडला तर नकाकाकांना फोन का करायचा नाही.

त्यांची खोली तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. दार लोखंडी, त्यात तळहाताएवढी काच, आणि ओढलं की आपोआप कुलूप लागणारं. आत उंच जाळीदार कपाटात सर्व्हर आणि स्विच रचलेले, हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि थंडी इतकी की काका बारा महिने स्वेटर घालून बसत. वर जनरल वॉर्डात पेशंट घामानं निथळत होते, पण यंत्रांना उकडता कामा नये. खोलीत खुर्ची एकच. दुसरी खुर्ची ठेवली की माणूस बसतो, आणि बसला की बोलतो, असा काकांचा सिद्धांत होता. तो सिद्धांत त्यांनी आयुष्यभर पाळला.

काकांना कुणी विचारलं की तुम्ही या कामात कसे आलात, तर ते मान जराशी वर करून म्हणत, "मला बोलावून घेतलं." बोलावून घेतलं म्हणे! हा माणूस एका अंधाऱ्या दुकानात मिक्सर आणि रेडिओ उघडून बसायचा. संध्याकाळच्या क्लासला जाऊन थोडं कॉम्प्युटरचं शिकला होता, एवढंच. नोंदणीच्या काउंटरवर तेव्हाही त्यांची बायको बसत होती. दवाखान्यात पहिले कॉम्प्युटर खोक्यातून उतरले आणि ते जोडायचे कसे हे कुणालाच कळेना, तेव्हा तिनं अधीक्षकांना जाऊन सांगितलं, "आमच्या घरी एक माणूस आहे, सगळं उघडून बसतो. बघा उपयोग होतो का." यालाच बोलावून घेणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

एक मात्र कबूल करायला हवं. माणूस कामाला पक्का होता. कुठल्या भिंतीतून कुठली वायर जाते, कुठल्या यंत्राला कुठला पत्ता दिलाय, हे सगळं त्यांना तोंडपाठ. सगळ्या चाव्या, सगळे पासवर्ड त्यांच्या डोक्यात आणि डोकं त्यांच्या ताब्यात. दुसऱ्या कुणाला काही सांगायचं नाही, हीच त्यांची नोकरीची हमी. ज्ञान वाटल्यानं वाढतं असं लोक म्हणतात, पण काकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

रोज रात्री जेवताना त्यांची मैफल जमे. ऐकणारी एकटी बायको. आज एका डॉक्टरनं मोबाइल चार्ज करायला म्हणून कॉम्प्युटरचाच प्लग काढला आणि वर काकांना सांगितलं की स्क्रीन काळी पडलीय. आज हिशेबनिसानं इतक्या फायली स्क्रीनवर पसरून ठेवल्या की मागे लावलेल्या नातवाच्या फोटोत फक्त एक कान दिसतो. आज अमक्या सिस्टरनं पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवला. "मूर्खांचा बाजार आहे नुसता," असं म्हणून काका ताक ओरपत. आणि मग हमखास, "तुझ्या काउंटरनं आज काय दिवे लावले, ठाऊक आहे?" तिला ठाऊक असायचंच, कारण काउंटरवर तीच तर बसलेली असायची. सुरुवातीला ती काहीतरी बोलायची. "अहो, पण ते असं झालं की..." एवढं म्हटलं की काका हात वर करत. "मला शिकवू नकोस." पुढे पुढे तिनं ते वाक्य सुरू करणंही सोडून दिलं. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, तिच्या फोनमध्ये काही बिघडलं तर तीसुद्धा आईलाच विचारायची. बाबांना विचारलं की फोन दुरुस्त होतो, पण माणूस आजारी पडतो, असं ती म्हणे.

आता या कामातली एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती काकांनी जन्मात कुणाला नीट सांगितली नाही, म्हणून इथे सांगतो. फार अवघड नाही. दवाखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो. टेबलापासून भिंतीतल्या खाचेत वायर जाते, तिथून स्विच नावाच्या डब्यात. स्विच म्हणजे पोस्टमन समजा. पत्ता माहीत असेल तर निरोप नेमका त्या घरी देतो. माहीत नसेल तर सगळ्या गल्लीत हाक मारतो, की अमका कुठे राहतो हो? ज्याचा निरोप तो ओ देतो, बाकीचे गप्प बसतात. झालं काम. पण एकाच वायरची दोन्ही टोकं कुणी भिंतीत खोचली तर? मग स्विचची हाक एका टोकानं जाते, दुसऱ्या टोकानं त्याच्याकडेच परत येते. त्याला वाटतं, अरे, कुणीतरी हाक मारतंय! म्हणून तो ती पुन्हा सगळीकडे फिरवतो. ती पुन्हा येते. बघता बघता असा कल्ला माजतो की खऱ्या निरोपाला पाय ठेवायला जागा राहत नाही.

हे होऊ नये म्हणून स्विचला एक शहाणपण आधीच दिलेलं असतं. नवी वायर लागली की तो लगेच दार उघडत नाही. अर्धं मिनिट थांबतो, ही वायर फिरून आपल्याच अंगावर तर येत नाही ना, ते बघतो, आणि तसं असेल तर ती खाच बंद करून टाकतो. पण मोठ्या सर्जनसाहेबांना हे अर्धं मिनिट सोसेना. सकाळी कॉम्प्युटर लावला की लगेच का चालत नाही, म्हणून ते रोज काकांना फोन करत. यावर सरळ उपाय होता. जिथे फक्त कॉम्प्युटरच लागतात अशा खाचा एकेक करून निवडायच्या आणि तेवढ्यांनाच लवकर सोडायचं. एका दुपारचं काम. पण एकेक करून? काकांनी? त्यांनी एका ओळीची आज्ञा टाइप करून स्विचची ती राखणच अख्ख्या दवाखान्यातून बंद करून टाकली. तात्पुरती! या धंद्यात 'तात्पुरतं' या शब्दाइतकं चिवट काही नाही. इमारत पडेल पण तात्पुरतं उठणार नाही.

तर अशा सुखात दिवस चालले होते आणि विश्वस्तांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. अध्यक्ष म्हणजे फरशांचे मोठे व्यापारी. त्यांना कुणीतरी सांगितलं की हल्ली तळघरात माणूस बसवत नाहीत. बाहेरची कंपनी सगळं सांभाळते, त्यांची माणसं लांब कुठेतरी बसून पडद्यावर बघतात. झालं. कंपनीला बोलावणं गेलं. काकांना सांगण्यात आलं की विश्वस्तांच्या बैठकीत तुमचंही म्हणणं मांडा, तुमची यंत्रणा दाखवा. ती बिनतक्रार चालताना दिसली तर खोली निवृत्तीपर्यंत तुमची. नाही तर खोली कंपनीची, आणि तुमचं काय करायचं ते नंतर बघू.

काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. निवृत्ती काही फार लांब नव्हती. पण त्या खोलीबाहेर आपण कोण, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला आणि त्याचं उत्तर काही त्यांना आवडलं नाही. "ती खोली म्हणजे मी आहे गं," ते बायकोला म्हणाले. इतकं खरं वाक्य त्यांनी कितीतरी वर्षांत उच्चारलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सवयीनं मिटलं.

बैठकीआधी अध्यक्षांना दवाखाना टापटीप दिसायला हवा होता. लोंबत्या वायरी बघितल्या की त्यांचं टाळकं सरके. मग काकांनी फर्मान काढलं आणि स्वतः फिरून प्रत्येक टेबलावर चिकटवलं. 'मोकळी वायर लोंबकळताना दिसल्यास ताबडतोब जागेवर लावावी. विचारण्यासाठी फोन करू नये.' बायकोच्या काउंटरच्या काचेवरही एक लावलं, तेही वाकडं. त्याच काउंटरखालून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर उचलून नेला होता. वायर मात्र तिथेच, एक टोक भिंतीत आणि एक टोक जमिनीवर. वायर गुंडाळायची तर खाली वाकावं लागतं ना!

बैठकीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस चोपून खाली जाऊन बसले. कंपनीतर्फे एक बाई आल्या होत्या, चाकाची बॅग ओढत. काकांनी त्यांना जिन्यात ओझरतं बघितलं आणि मनातल्या मनात त्यांचं 'चाकाची बॅग' असं बारसं करून टाकलं. बॅगेला चाकं असलेल्या माणसाला वायर काय कळणार, असं त्यांचं शास्त्र.

आणि नेमकं तेव्हाच सगळं बंद पडलं.

आधी एक्स-रेवाल्यांचा फोन, मग औषधाच्या खिडकीचा, मग लॅबचा, मग सगळ्यांचाच. पडदे गोठलेले, रिपोर्ट निघेनात, बिलं निघेनात. काकांनी कपाटाकडे पाहिलं. एरवी आपापल्या लयीत लुकलुकणारे दिवे सगळेच्या सगळे एकदम, एका दमात, पिसाटासारखे उघडमीट करत होते. अहो, नव्यानं शिकायला बसलेला माणूससुद्धा ते बघून सांगेल की कुठेतरी वायर स्वतःकडेच फिरलीय, जा आणि मजल्यांच्या जोडण्या एकेक करून काढून बघ. पण काकांच्या डोक्यात चाकाची बॅग फिरत होती. आजच? आत्ताच? ती बाई वर बसलीय आणि आजच? हा घात आहे! नाही तर बाहेरून कुणीतरी हल्ला केलाय!

मग सुरू झाली लढाई. काकांनी बाहेरच्या इंटरनेटची लाइन तोडली. दिवे तसेच. सर्व्हर बंद करून चालू केला, तो उठायला त्याचा वेळ घेणारच, तोवर काका त्याच्यापुढे येरझारा घालत होते. दिवे तसेच. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम लावला. वायरमध्ये व्हायरस शोधत होते महाशय! टेबलावरचा फोन वाजत राहिला. त्यावर नोंदणी काउंटरचा नंबर दिसला तेव्हा काकांनी रिसीव्हर उचलला आणि कानाला न लावता टेबलावर आडवा ठेवून दिला. त्यातून बारीक आवाजात कुणीतरी "हॅलो, अहो, हॅलो" करत होतं.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. काचेत बायकोचा चेहरा. काकांनी दार वीतभर उघडलं.

"अहो, ऐका ना. सकाळी मी ते टेबलाखाली..."

"नको! आत्ता एक अक्षर नको."

"पण तेच सांगतेय, ती जी..."

"तुझ्या काउंटरची रडगाणी घरी! इथे माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुला टेबल सुचतंय? जा वर."

दार ओढलं, कुलूप खट्‌कन लागलं. ती काचेपलीकडे जराशी उभी राहिली. वर कुठेतरी बोट दाखवायला तिनं हात उचलला होता, तो खाली आला आणि ती गेली. काकांनी तो हात बघितला होता बरं का. बघितला आणि पाठ फिरवली.

वर दवाखान्यात तोवर धांदल उडाली होती. नोंदणी हातानं, बिलं हातानं, लॅबचे रिपोर्ट चिठ्ठ्यांवर लिहून माणसं जिने चढत-उतरत होती. पेशंट वैतागलेले, नातेवाईक हमरीतुमरीवर. बैठक खोळंबली आणि अध्यक्ष जिन्यात उभे राहून घड्याळ आणि काकांचं तळघर यांच्या नावानं बोटं मोडत होते. खाली काका एकटेच थंडीत घामाघूम झाले होते.

पुन्हा दारावर थाप. या वेळी चाकाची बॅग. बाईंनी बॅग वरच ठेवली होती, हातात फक्त चहाचा अर्धा कप.

"मी आत येत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायला आले. नोंदणी काउंटरच्या टेबलाखाली बघा. एका वायरची दोन्ही टोकं भिंतीत आहेत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विचारलं मी तिथे."

"काय विचारलंत?"

"सकाळपासून काय नवीन झालं, ते."

काका जे धावत सुटले! काउंटरवर गर्दी, बायकोची खुर्ची रिकामी, ती रिपोर्टच्या चिठ्ठ्या घेऊन लॅबकडे गेलेली. काका गुडघ्यावर बसले आणि टेबलाखाली शिरले. तिथे ती वायर होती. एक टोक एका खाचेत, दुसरं टोक शेजारच्या खाचेत, अगदी व्यवस्थित, क्लिक होईपर्यंत दाबून बसवलेलं. काकांनी एक टोक उपटलं. वर कुणीतरी ओरडलं, "आलं! आलं!" आणि अख्ख्या मजल्यानं श्वास सोडला. काका टेबलाखालून निघाले तेव्हा चोपलेल्या केसांवर जळमट होतं आणि चेहऱ्यावर विजय.

त्याच जळमटासकट ते बैठकीत घुसले. "शोधून काढलं मी," ते म्हणाले. मी! चाकाची बॅग कोपऱ्यात बसली होती. तिनं नुसता कप खाली ठेवला. "यंत्रणेत काही दोष नाही, साहेब. काउंटरवरच्या कुणा अक्कलशून्य माणसानं भलतीकडे वायर खोचली. असल्या माणसाला इथे एक दिवस ठेवू नये. दवाखाना आहे हा, खेळणं नाही."

अध्यक्षांना फरशी फुटली की ती कुणी पाडली एवढंच कळायचं. ते खूश झाले. "बरोबर आहे. नाव आणा. आत्ताच्या आत्ता. त्याला घरी पाठवू, विषय संपला. मग यंत्रणा चांगलीच म्हणायची, आणि तुमच्या खोलीला कशाला कोण हात लावतंय?"

काका जिने उतरले ते तरंगतच. काउंटरपुढे उभे राहून त्यांनी आवाज चढवला. "कुणी घातली ती वायर? नाव सांगा!"

कॅशियरनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. मोठ्या सिस्टरना एकदम काहीतरी आठवलं आणि त्या कपाटात डोकं घालून उभ्या राहिल्या. नोंदणीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात मागून आवाज आला. "मी."

बायको चिठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती.

काकांच्या तोंडातून शब्द फुटला तो नको तो. "तू? इतकी वर्षं माझ्या घरात राहून तुला एवढीही अक्कल नाही?"

तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि काचेवरच्या वाकड्या कागदावर बोट ठेवलं. "मोकळी वायर दिसली की जागेवर लावावी. शेजारची जागा रिकामी होती, लावली. विचारण्यासाठी फोन करू नये, तेही लिहिलंय. तरी मी केला."

"मग सांगायचंस!"

"कुणाला? तुम्ही फोन उचलून टेबलावर ठेवलात. मला तुमच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. म्हणून खाली आले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे."

"आणि त्या परक्या बाईला बरं सांगितलंस!"

"तिनं विचारलं," ती म्हणाली, "आणि मग माझं बोलून होईपर्यंत ती गप्प बसली."

काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"वायर लावल्या लावल्या बंद पडलं, काका," कॅशियर टोपणाकडे बघत म्हणाला. "सगळ्यांनीच बघितलं. पण तुम्हाला सांगणार कोण? तुम्हीच म्हणता ना, मला शिकवू नका."

कुणी हसलं नाही. हसले असते तर काकांना बरं वाटलं असतं, चिडता तरी आलं असतं.

बायको खुर्चीत बसली. "जा, माझं नाव देऊन या. तुमची खोली वाचेल. मला घरी बसायला काही हरकत नाही. वाईट वाटलं ते वायरीचं नाही. मी दाराशी उभी होते आणि तुम्ही मला अनोळखी बाईसारखं हाकललंत, त्याचं वाटलं. फार वाटलं." आणि तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता काकांचं मोठेपण सांगावं असं कुणाला वाटेल, तर थांबा. पहिल्या मजल्यापर्यंत हा माणूस नाव देणारच होता. चूक तिची, कबूल तिनंच केलंय, घरी बसायला तीच तयार आहे, असा सगळा हिशेब त्यांनी जिन्यातल्या जिन्यात जुळवला होता. दुसऱ्या जिन्यात त्यांना ती राखण आठवली. ती चालू असती तर बायकोनं काय, अख्ख्या गावानं जरी येऊन वायरी खोचल्या असत्या, तरी स्विचनं गुपचूप एक खाच बंद केली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. आणि चाकाच्या बॅगेला हे कळलं नसेल? दिवे बघताच कळलं असणार. मग काका जिन्यातच थांबले. ते लाजेनं होतं की भीतीनं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण दाराच्या काचेपलीकडचा तो हात त्यांना दिसत होता, वर उचललेला आणि खाली आलेला, आणि तो काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"नाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"वायर कुणीही घालेल, साहेब," काका म्हणाले. "माणसं आहेत, घालणारच. अशी वायर लागली तर स्विचनं ती ओळखून बंद करायची असते. ती सोय मी काढून टाकली होती."

"का?"

"एका दुपारचं काम वाचवायला. तात्पुरती."

"कधी?"

काकांनी छताकडे पाहिलं. "बरीच वर्षं झाली."

अध्यक्ष कोपऱ्याकडे वळले. "बाई, हे खरं आहे?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "ते स्वतः सांगतात का, ते बघत होते."

"मग नाव कुणाचं लिहू?"

"माझं लिहा," काका म्हणाले, आणि तेही असं तुसडेपणानं, जणू अध्यक्षांनाच शुद्धलेखन येत नव्हतं. स्वभाव काही एका दिवसात जात नाही.

निकाल लागायला वेळ लागला नाही. खोली कंपनीची झाली. बाईंनी येऊन पहिल्या दिवशी ती राखण चालू केली, दुसऱ्या दिवशी खोलीत दुसरी खुर्ची ठेवली. काकांनी सगळे पासवर्ड डोक्यातून काढून दिले, दात काढावेत तसे एकेक करून. अध्यक्षांना मात्र माणूस फुकट बसवणं जिवावर आलं. कंपनी लोकांचे फोन घेणार नव्हती, मग ते घ्यायला कुणीतरी हवंच. म्हणून त्यांनी काकांना वर बसवलं. नोंदणी काउंटरवर, त्याच टेबलाशी, जिथून त्यांनी जुना कॉम्प्युटर नेला होता. काम एकच. फोन उचलायचा आणि कोण काय म्हणतंय ते ऐकायचं. काकांसाठी याहून मोठी शिक्षा फरशीवाल्याला मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

पहिल्या सकाळी काका स्वेटर न घालता येऊन बसले. समोर गर्दी, खोकला, रडणारी मुलं, आणि शेजारच्या खुर्चीत बायको. त्या दिवसापासून घरी दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. जेवताना मैफल नव्हती. काकांनी वाकून ती वायर ओढून काढली, नीट गुंडाळली आणि खणात ठेवली. मग काचेवरचा वाकडा कागद नखानं खरवडायला घेतला.

फोन वाजला. आजूबाजूच्या माना वळल्या. काकांनी रिसीव्हर कानाला लावला. तोंडात 'न' आलाच होता, तो त्यांनी गिळला.

"बोला."

"नोंदणी काउंटरवरून बोलतेय," आवाज आला. एका कानात फोनमधून, दुसऱ्या कानात शेजारून. बायकोनं आपला रिसीव्हर खांद्याशी धरला होता आणि ती सरळ समोर बघत होती. "सकाळी माझ्या टेबलाखाली एक मोकळी वायर दिसली. म्हणून मी ती भिंतीतल्या रिकाम्या खाचेत लावली. लावल्या लावल्या सगळं बंद पडलंय. बाहेर पेशंट खोळंबलेत. मला भीती वाटतेय की माझ्यामुळेच झालं. येऊन बघता का?"

काका बोलले नाहीत. ती थांबली तरी थोडा वेळ बोलले नाहीत, अजून काही असेल म्हणून.

"झालं सांगून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"तुमच्यामुळे नाही झालेलं," काका म्हणाले. "माझ्यामुळे झालंय. येतो मी. तिथेच थांबा."

"थांबलेच आहे," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला, डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या आणि पुढच्या पेशंटला नाव विचारलं.